आडनाव आधी, की नाव आधी?

ऑफर लेटर आलंय? अभिनंदन! पार्टी द्या, फोटो टाका, आईला देवासमोर पेढे ठेवू द्या. फक्त आत्ताच्या नोकरीचा राजीनामा टाकण्याआधी इनबॉक्समध्ये आलेला दुसरा मेल उघडून बघा. विषयाच्या जागी लिहिलेलं असतं 'बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन'. लिंकवर क्लिक करा, दहावीपासूनची सर्टिफिकेट्स चढवा, पॅन-आधार द्या, पीएफचा इतिहास दाखवा. पाच मिनिटांचं काम, असं वर लिहून पाठवतात. माझ्या ऑफिसातल्या पुणेकर कलिग्जना ते खरंच पाच मिनिटांत जमतं. आम्हा खान्देशी मंडळींना मात्र पहिल्याच रकान्यात घाम फुटतो. त्या रकान्याचं नाव आहे 'फुल नेम'.

मी जळगावची, नोकरी पुण्यात. आमच्याकडच्या एका माणसाला किमान तीन नावं असतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. एक शाळेच्या दाखल्यावरचं, एक घरातलं आणि एक आधार काढताना ऑपरेटरने टाइप केलेलं. साधं 'चौधरी' आडनाव घ्या. इंग्रजीत त्याची सुरुवात 'सी-एच-ए-यू' की 'सी-एच-ओ-यू'? शेवटी 'आय' की 'वाय'? मधे 'एच' किती? आमच्या वर्गात चार चौधरी होते आणि चौघांची स्पेलिंग्ज वेगळी. त्यातले दोघे सख्खे चुलतभाऊ! गंमत म्हणजे ज्या विद्यापीठाची डिग्री दाखवायची त्याच्याही नावात चौधरी. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ हे नाव २०१८ सालचं. त्याआधीच्या डिग्रीवर नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आणि १९९० मध्ये विद्यापीठ निघायच्या आधीची डिग्री असेल तर पुणे विद्यापीठ. म्हणजे जळगावच्या एकाच कॉलेजात शिकलेल्या आत्या, दादा आणि धाकटी बहीण यांच्या सर्टिफिकेटवर तीन वेगवेगळी नावं.

वडिलांच्या नावाचा तर वेगळाच फंडा. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धुडकू, उखर्डू अशी नावं ठेवायची जुनी रीत. पुढे तो दगडू चार बुकं शिकतो, विकास सोसायटीत निवडून येतो आणि कागदावर 'दगडूराव' होतो. मुलाच्या दाखल्यावर जुनं नाव, बापाच्या आधारवर नवं. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका. दहावीच्या मार्कशीटवर वडील, आधारवर नवरा आणि पॅनवर दोघांच्या मधलंच काहीतरी. त्यात आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

दगा कोणी दिला?

धुळ्याच्या देवपुरातला एक मुलगा मला या लेखाच्या निमित्ताने भेटला. कॉम्प्युटर इंजिनिअर, पुण्यात दोन वर्षं नोकरी, मग दुसऱ्या कंपनीची घसघशीत ऑफर. नोटीस पिरियड संपला, जुन्या ऑफिसात केक कापला, सोमवारी जॉइनिंग. शुक्रवारी संध्याकाळी फोन आला, तुमचा रिपोर्ट 'अंबर' आलाय, जॉइनिंग होल्डवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. व्हेरिफिकेशन करणाऱ्या एजन्सीचे रिपोर्ट सिग्नलसारखे असतात. ग्रीन म्हणजे सगळं जुळलं. रेड म्हणजे खोटेपणा सापडला. अंबर म्हणजे काहीतरी जुळत नाही, पण नक्की काय ते सांगता येत नाही. या मुलाच्या बाबतीत जुळत नव्हतं ते वडिलांचं नाव. शाळेच्या दाखल्यावर 'दगा', आधारवर 'दगाजीराव'. दगा हे आमच्याकडचं अस्सल जुनं नाव. मित्रांनी त्याला पुढचे दोन आठवडे काय काय ऐकवलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

होल्ड किती दिवस? तेवीस. जुनी नोकरी सुटलेली, नवी सुरू नाही, वाकडच्या फ्लॅटचं भाडं चालू, बाइकचा हप्ता चालू. एचआर म्हणे, एजन्सीला विचारा. एजन्सी म्हणे, आमचा करार कंपनीशी आहे, तुमच्याशी आम्ही बोलू शकत नाही. शेवटी तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सने धुळ्याला आला, जिभाऊंना घेऊन कोर्टाजवळच्या नोटरीकडे गेला आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. काम तासाभराचं. जिभाऊ सही करता करता नोटरीलाच म्हणाले, "मी तोच शे ना भो!" तो कागद स्कॅन करून पाठवल्यावर चौथ्या दिवशी रिपोर्ट ग्रीन झाला.

तेवीस दिवसांचा पगार मात्र कोणीच दिला नाही. मागायचा कोणाकडे, हेही त्याला कळलं नाही. आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणाची गोम तिथेच आहे.

कंपनीला एवढी घाई कसली?

माझी एक अमळनेरची मैत्रीण पुण्यात एचआरमध्ये आहे. तिला मी सरळ विचारलं, बाई गं, तुम्ही लोक एवढे कडक का? ती म्हणाली, "आम्ही नाही गं कडक, आमचे क्लायंट कडक. करारातच लिहिलेलं असतं की प्रोजेक्टवरचा प्रत्येक माणूस व्हेरिफाय झालेला हवा. ऑडिटर येतो आणि फाइल उघडून बघतो. अंबर असेल तर मला क्लायंटला मेल करून परवानगी मागावी लागते. तो मेल लिहिण्यापेक्षा जॉइनिंग पुढे ढकलणं सोपं."

प्रामाणिक उत्तर! पण ही कडकाई आली कुठून ते बघायला थोडं मागे जावं लागतं. २००५ मध्ये पुण्यातल्या एका बीपीओमधून अमेरिकन बँकेच्या खातेदारांचे पैसे वळवल्याचं प्रकरण गाजलं आणि आयटीवाल्यांची झोप उडाली. २००६ च्या जानेवारीत नॅसकॉमने नॅशनल स्किल्स रजिस्ट्री काढली. त्यात फोटो, बोटांचे ठसे, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, सगळं एका ठिकाणी. मग आलं आधार, आणि ते सुरू झालं आमच्याच खान्देशात! २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. (नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता, त्यामुळे धुळेकर हे श्रेय अजून स्वतःकडे घेतात.) २०१४ मध्ये पीएफचा युनिव्हर्सल नंबर, म्हणजे यूएएन आला. नोकऱ्या कितीही बदला, नंबर एकच. म्हणजे तुम्ही कुठे, कधीपासून कधीपर्यंत होतात ते नव्या एचआरला दोन क्लिकमध्ये दिसणार. सीव्हीवर आठ महिन्यांचे दीड वर्ष करायचे दिवस तेव्हाच संपले.

खरी मेख २०२१ ची. सामाजिक सुरक्षा संहितेचं कलम १४२ त्या वर्षी ३ मेपासून लागू झालं आणि सप्टेंबरपासून पीएफ ऑफिसने मालकांना सांगितलं, ज्याचं यूएएन आधारशी जुळलेलं नाही त्याचं नाव महिन्याच्या ऑनलाइन चलनात घेणार नाही. नाव जुळत नाही म्हणजे पीएफ भरताच येत नाही. उशीर झाला तर व्याज आणि दंड मालकाला. त्यामुळे आता हा प्रश्न नुसत्या आयटी कंपन्यांचा राहिलेला नाही. तो डाळ मिलचाही आहे.

डोळे मिचकवा, मावशी

जळगाव म्हटलं की बाहेरच्या लोकांना सोनं आठवतं, केळी आठवतात. एमआयडीसीत फिरलात तर दिसतात डाळ मिल्स आणि प्लॅस्टिकच्या चटयांचे कारखाने. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ लागू. अशाच एका मिलच्या मुनीमजींकडे मी बसले होते. टेबलावर तुरीच्या डाळीच्या सॅम्पलची ताटली, शेजारी दोन मोबाइल चार्जिंगला. मुनीमजी साठीचे. एकेकाळी हजेरीचं रजिस्टर बगलेत मारून फिरणारे हे गृहस्थ आता उमंग ॲप असं चालवतात की आपण बघत राहावं.

कारण १ ऑगस्ट २०२५ पासून नव्या माणसाचं यूएएन काढायचं तर त्याने स्वतः ॲपवर चेहरा दाखवायचा असा नियम झाला. आधी हे काम मालकाच्या लॉगिनवरून व्हायचं. आता ते कामगाराच्या मोबाइलवर आलं. "एक मात्र बरं झालं," मुनीमजी म्हणाले, "या बायांच्या बोटांचे ठसे उमटायचेच नाहीत. काम करून करून बोटं गुळगुळीत. चेहरा चटकन लागतो. डोळे मिचकवा मावशी म्हटलं की झालं." पण चेहऱ्याच्या आधी एक पायरी आहे. आधारला जोडलेला मोबाइल नंबर लागतो. त्या दिवशी आलेल्या मावशींच्या आधारला नंबर होता मुलाचा, आणि मुलगा सुरतेला. आमच्याकडची निम्मी गावं सुरतेला कामाला, हे तुम्हाला माहीतच आहे. दुपारपर्यंत त्याचा फोन लागला नाही. मावशी डबा घेऊन आल्या होत्या, तो तसाच घेऊन परत गेल्या.

मी विचारलं, मग आता? मुनीमजींनी खांदे उडवले. "नंबर निघेपर्यंत कामावर घेता येत नाही. घेतलं आणि चलनात नाव नाही, तर उद्या इन्स्पेक्टर मलाच धरील." हे झालं नियम पाळणाऱ्या मुनीमजींचं. न पाळणारा काय करतो तेही एमआयडीसीत सगळ्यांना माहीत आहे. तो माणसाला कामावर घेतो आणि रजिस्टरवर घेत नाही. पीएफ नाही, पावती नाही, चार वर्षांनी हात मशीनमध्ये गेला तर हा माणूस आमचा नाहीच! कामगार रेकॉर्डवर यावा म्हणून केलेली पडताळणी त्याला रेकॉर्डच्या बाहेर ढकलू शकते, हे दिल्लीत बसून दिसत नसावं.

चार लेबर कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं बंधन आहे. त्या मावशींना ते मिळालं असेल का, माहीत नाही. मी परत गेले तेव्हा मुनीमजी चलन भरायच्या गडबडीत होते. पंधरा तारीख होती.

तिकडे आठ दिवस मिळतात

माझा एक मामेभाऊ भुसावळचा, सध्या टेक्सासमध्ये. एमएस केलं, मग ओपीटीवर नोकरी. अमेरिकेत शिकलेल्यांना ही भानगड पाठ असते. पहिले बारा महिने ओपीटी, मग इंजिनिअरिंग-सायन्सवाल्यांना आणखी चोवीस महिने. (२००८ मध्ये ही मुदतवाढ सुरू झाली तेव्हा सतराच महिने होते, चोवीस झाले २०१६ पासून.) पण चोवीस महिन्यांसाठी एक अट आहे. तुमची कंपनी ई-व्हेरिफायमध्ये रजिस्टर्ड हवी.

ई-व्हेरिफाय म्हणजे तिथली सरकारी वेबसाइट. नव्या माणसाला इथे काम करायची परवानगी आहे का, हे मालकाने तिथे तपासायचं. १९९७ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालं, २००७ मध्ये हे नाव मिळालं. सगळ्या मालकांना सक्ती नाही. केंद्र सरकारची कंत्राटं घेणाऱ्यांना २००९ पासून आहे, आणि काही राज्यांनी आपापली केली आहे. ॲरिझोनाने २००८ मध्ये, फ्लोरिडाने २०२३ मध्ये पंचवीस किंवा जास्त माणसांच्या कंपन्यांना. भावाला पहिली ऑफर आली होती ती एका छोट्या स्टार्टअपची. मालक चांगला, काम झक्कास, पण ई-व्हेरिफायची कटकट नको म्हणाला. ऑफर गेली. ओपीटीवर बेकार राहायचे दिवसही मोजलेले असतात. पहिल्या टप्प्यात नव्वद, मुदतवाढ मिळाली तर एकूण दीडशे. त्या काळात मामी रोज जळगावहून फोनवर एकच प्रश्न विचारायची, "काही झालं का रे?"

दुसरी कंपनी रजिस्टर्ड होती. तिथे काय झालं असेल? बरोबर! नाव जुळलं नाही. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावातच वडिलांचं नाव घातलेलं, सोशल सिक्युरिटीच्या रेकॉर्डला ते नाही. कॉम्प्युटरने शेरा मारला, तात्पुरतं जुळत नाही. इथून पुढे मात्र गोष्ट देवपुरातल्या मुलापेक्षा वेगळी आहे. एचआरने त्याला बाजूला बोलावून एक छापील कागद दिला. त्यात काय जुळत नाही, कोणत्या सरकारी ऑफिसात जायचं, सगळं लिहिलेलं. जाण्यासाठी सरकारी कामाचे आठ दिवस. आणि तोपर्यंत? तोपर्यंत तो डेस्कवर बसून काम करत होता, पगार चालू होता. कारण केस उघडी असताना नाव जुळलं नाही म्हणून काढायचं नाही, ट्रेनिंग रोखायचं नाही, पगार कापायचा नाही, असा तिथला नियम आहे. ऑफर स्वीकारण्याआधी माणसाला त्या सिस्टीममध्ये टाकून बघायचंही नाही. तपासायचं तर सगळ्या नव्या माणसांना तपासायचं, नाव परदेशी वाटतंय म्हणून एकट्यालाच नाही. हे सगळं सांगणारं पोस्टर ऑफिसात दिसेल असं लावायचं. आणि मालकाने ऐकलं नाही तर तक्रार करायला न्याय खात्याची वेगळी शाखा.

तिकडे सगळं आलबेल आहे असं अजिबात म्हणायचं नाही. सरकारसाठी वेस्टॅट या संस्थेने २००९ मध्ये केलेल्या पाहणीत दिसलं, परवानगी नसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना याच सिस्टीमने हिरवा कंदील दाखवला होता, कारण ते दुसऱ्याची खरी कागदपत्रं वापरत होते. म्हणजे खोटा माणूस सुटतो आणि खरा अडकतो. पण अडकलेल्या खऱ्या माणसाने काय करायचं आणि मालकाने तोवर कसं वागायचं, हे तिथे लिहून ठेवलंय. आपल्याकडे मालकाने काय काय तपासायचं याची यादी दर वर्षी वाढते. जुळलं नाही तर माणसाला किती दिवस द्यायचे, पगाराचं काय, याबद्दल खासगी कंपनीला बांधून ठेवणारा नियम मला तरी सापडला नाही.

मग एचआरला काय विचारायचं?

माझ्या अमळनेरच्या मैत्रिणीने दिलेला सल्ला असा. राजीनामा देण्याआधीच विचारा, व्हेरिफिकेशन जॉइनिंगच्या आधी पूर्ण होणार का नंतर, आणि अंबर आला तर रिपोर्टची प्रत मला मिळणार का. हे मेलवर विचारा, फोनवर नाही. बऱ्याच कंपन्या देतात, पण मागितली तरच. "मागणारे फार थोडे असतात," ती म्हणाली. "आणि मेलवर मागितलं की फाइल आपोआप वर येते."

आधार सक्तीने मागता येतं का? पीएफसाठी आधार लागतं, ती कायद्यातली तरतूद आहे. पण एजन्सीच्या पोर्टलवर ओटीपी टाका, नाहीतर पुढे जाता येणार नाही, ही वेगळी गोष्ट. सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या निकालात खासगी कंपन्यांची करारातून येणारी आधारसक्ती रद्द केली. २०१९ च्या दुरुस्तीने आपल्या मर्जीने वापरायची वाट ठेवली. म्हणजे ओळखीसाठी पासपोर्ट किंवा दुसरा कागद चालेल का, हे विचारायला काहीच हरकत नाही.

पीएफमधलं नाव दुरुस्त करणं तर आता बरंच सोपं झालंय. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचं आणि आधारशी जुळलेलं असेल तर जानेवारी २०२५ पासून नाव, जन्मतारीख, आईवडिलांचं नाव, नोकरी लागल्या-सोडल्याच्या तारखा स्वतः ऑनलाइन बदलता येतात, कंपनीची सही लागत नाही. त्याआधीचं असेल तर कंपनीमार्फत अर्ज. खान्देशातल्या लोकांनी यासाठी नाशिकच्या पीएफ ऑफिसला मारलेल्या चकरा मोजल्या तर एसटीचा एक वेगळा पास काढावा लागला असता.

डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य कलमं मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय घ्यायचा ती अचूक असल्याची खात्री कंपनीने करायची, असं त्यात आहे. पण नोकरीच्या कामासाठी माहिती वापरताना मालकाला वेगळी संमती घ्यायची गरज नाही, अशी सवलतही त्यातच आहे. दोन्हीपैकी कशाचं पारडं जड होतं ते तेव्हा बघू.

तोवर नवी पिढी येतेच आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्रात नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव, असा क्रम आहे. मला तर हा निर्णय जाम आवडला. मैत्रिणीला सांगितला तर तिने कपाळावर हात मारला. तिच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये 'मिडल नेम'चा रकाना एकच आहे.

देवपुरातला तो मुलगा आता नव्या कंपनीत रुळलाय. धाकटी बहीण शिरपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत घरी गेल्यावर त्याने फराळाच्या आधी तिचा दाखला, मार्कशीट, आधार आणि पॅन असे चारही कागद पलंगावर ओळीने मांडले. तीन जुळले. पॅनवर वडिलांचं नाव 'दगाजी' निघालं, नुसतं 'दगाजी'. अर्ज त्याने त्याच रात्री भरला.